रोजच्या मोटारींतील किरकोळ फेरफार



मोटारीविषयीं बोलण्याचा अधिकार सांगावा, असें माझ्यापाशीं कांहींच नाहीं. मी यंत्रविद्या शिकलेलों नाहीं, आणि शर्यतीच्या गाड्या मीं चित्रांतच पाहिल्या आहेत. सकाळीं कामावर जावें, सायंकाळीं मंडईवरून परतावें, महिन्यांतून दोनदां आईला डॉक्टरांकडे न्यावें आणि गणपतीला सर्वांनीं मिळून पुण्याहून कोंकणांत उतरावें, एवढाच माझ्या गाडीचा संसार. पण स्वयंपाकघरांत मिठाचा डबा कोठें हवा, हें घर बांधणाऱ्या गवंड्यापेक्षां तेथें रोज वावरणारीलाच अधिक समजतें. आणि तेवढ्याच अधिकारानें मी आज चार शब्द बोलणार आहें.

कारखान्यांतून बाहेर पडणारी गाडी कोणा एकासाठीं केलेली नसते. ती हजारोंसाठीं केलेली असते, आणि हजारोंसाठीं केलेली वस्तु एकाला तंतोतंत बसेल, असें क्वचितच घडतें. तयार सदरा विकत आणला म्हणजे बाही दोन बोटें आंखूड करून घ्यावी लागते, त्यांतलाच हा प्रकार. कोणाचें पाऊल लहान असतें, कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला रात्रीं कमी दिसतें. गाडी आपल्या घरच्या माणसांच्या मापाची करून घेण्याची इच्छा होणें अगदीं स्वाभाविक आहे.

या इच्छेला हंसूं नये. आज आपण ज्या सोयी गृहीत धरतों, त्यांपैकीं कित्येकींचा जन्म एखाद्या गाडीवाल्याच्या अडचणींतूनच झाला आहे. हेन्री फोर्डच्या कारखान्यांतून 'मॉडेल टी' ही गाडी १९०८ पासून १९२७ पर्यंत निघत होती, आणि दीड कोटीहून अधिक गाड्या लोकांच्या दारीं गेल्या. पण टांकींत पेट्रोल किती उरलें हें दाखविणारा कांटा तिला नव्हता. बैठक उचलून टांकींत काठी बुडवावी आणि ओल कोठवर आली तें पाहावें! १९०९ सालीं डोरोथी लेव्हिट या इंग्रज बाईंनीं स्त्रियांकरितां मोटारीवर एक पुस्तक लिहिलें. त्यांत त्यांनीं असा सल्ला दिला कीं, एक हातआरसा जवळ बाळगावा आणि मधून मधून तो उंच धरून मागचा रस्ता पाहावा. आज तोच आरसा प्रत्येक गाडींत मालकाची वाट पाहत टांगलेला असतो. पुढें अमेरिकेंत रॉबर्ट कर्न्स नांवाच्या गृहस्थांच्या एका डोळ्याला इजा झाली. पावसाच्या भुरभुरींत एकसारखा फिरणारा वायपर त्यांना त्रास देई. डोळ्याची पापणी जशी मधून मधून मिटते तसा वायपर मधून मधून कां फिरूं नये, असा विचार करून त्यांनीं तशी योजना आपल्याच फोर्ड गाडीवर बसविली, आणि १९६४ सालीं पेटंटासाठीं अर्ज केला.

तेव्हां फेरफार करणें हा दोष नव्हे. दोष कोठें सुरू होतो, तें मी माझ्याच अनुभवावरून सांगणार आहें. पण त्याआधीं ज्या फेरफाराला एक पैसाहि पडत नाहीं, त्याचा उल्लेख करतों; कारण तो आपण बहुधा करीतच नाहीं. गाडींत जें समायोजन आधींच ठेवलेलें आहे, त्याचा उपयोग करून घेणें, हाच तो फेरफार.

बाजूचे आरसे घ्या. आपल्यापैकीं बहुतेकांच्या आरशांत आपल्याच गाडीची अर्धी कूस दिसत असते. ती पाहून काय साधावयाचें? ती कोठें पळून जाणार नाहीं! १९९५ सालीं जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकन इंजिनिअरनीं एक साधी रीत मांडली. डोकें उजव्या खिडकीच्या कांचेला टेकवावें आणि आपली गाडी कडेला जेमतेम दिसेल इतका उजवा आरसा बाहेर वळवावा. मग डोकें गाडीच्या मध्यावर आणून डावा आरसा तसाच लावावा. नंतर सरळ बसलें म्हणजे आपली गाडी आरशांत दिसेनाशी होते. पण शेजारून येणारी दुचाकी, जी पूर्वीं दृष्टीच्या आड लपत होती, ती दिसूं लागते. पहिले दोन दिवस चुकल्यासारखें वाटतें. पुढें जुनी रीत नकोशी होते.

दिव्यांचेंहि तसेंच. सपाट जागीं भिंतीपासून दहा मीटरांवर गाडी उभी करावी. खालचा प्रकाश लावला असतां उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षां सुमारें दहा सेंटिमीटर खालीं पडावी, असा सर्वसाधारण हिशेब आहे. ती फार खालीं असेल तर आपल्याला रस्ता दिसत नाहीं. वर असेल तर समोरच्याला कांहींच दिसत नाहीं. दिव्यामागील एक स्क्रू थोडा फिरविला कीं काम होतें. शिवाय पुष्कळशा गाड्यांत स्टिअरिंगजवळ आंकडे लिहिलेलें एक लहान चाक असतें. मागें माणसें व सामान बसलें म्हणजे गाडीचें नाक वर होतें. तेव्हां दिवे खालीं वळविण्यासाठीं तें दिलेलें असतें. माझ्या गाडींत तें आहे हें मला अकरा वर्षें माहीत नव्हतें.

हीं अकरा वर्षें मला फार महाग पडलीं असतीं.

माझी गाडी २००६ सालची. रात्रीं तिचे दिवे मंद वाटूं लागले, तेव्हां ते कां मंद झाले हें विचारण्याऐवजीं आणखी दोन दिवे लावावे, असा सोपा मार्ग मीं काढला. गणपती चार दिवसांवर आले होते. रस्त्याकडेच्या एका दुकानांत गेलों. तेथील तरुणानें अर्ध्या तासांत काम उरकलें. मूळ दिव्याच्या तारेवरील आवरण त्यानें सोललें, नव्या दिव्यांच्या तारा तिलाच पिळल्या आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळली. दुसऱ्या दिवशीं फ्यूज उडाला. त्यानें नवा घातला, तोहि उडाला. तिसऱ्या खेपेला त्यानें १५ अँपियरचा निळा फ्यूज काढून त्या जागीं ३० अँपियरचा हिरवा बसविला आणि म्हणाला, "साहेब, आतां नाहीं उडणार." त्याचें म्हणणें खरें ठरलें. फ्यूज शेवटपर्यंत शाबूत राहिला. तार मात्र जळाली.

ती जळाली ताम्हिणी घाटांत. भाद्रपदांतील संध्याकाळ, पाऊस लागलेला आणि धुकें इतकें कीं रस्त्याची कड शोधावी लागे. मागें अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई आणि तिच्या मांडीवर डोकें ठेवून निजलेली माझी मुलगी. प्रथम रबर जळल्याचा वास आला. मला वाटलें, पुढल्या ट्रकचा ब्रेक तापला असेल. मग एकाएकीं चारहि दिवे गेले, आणि स्टिअरिंगखालून धूर वर येऊं लागला. डाव्या हाताला डोंगर होता म्हणून त्या बाजूला गाडी घेतली. आईला उतरावयाला वेळ लागे. त्या दोन मिनिटांत, सौभाग्यवती तिचा हात धरून ओढते आहे आणि मी बॉनेटची कळ चांचपतों आहें, हें दृश्य मी विसरणार नाहीं. मागून एक टेम्पो आला. त्याच्या चालकानें न विचारतां दहा नंबरचा पाना काढला आणि बॅटरीची तार सोडविली. धूर थांबला. त्यानेंच तिघींना आपल्या टेम्पोंत घेऊन माणगांवला पोंचविलें. मी उजाडेपर्यंत गाडीजवळ बसून राहिलों.

रात्रभर मीं मनांत त्या तरुणाला दोष दिला. पण सकाळ होईतों माझ्या लक्षांत आलें कीं, त्याला घाई करावयाला मीच सांगितलें होतें. दुसऱ्यांदा फ्यूज उडाल्याचा मला राग आला होता तो फ्यूजचाच. ज्या तारेंतून दोन दिव्यांचे सुमारें ९ अँपियर जावयाचे, तिच्यावर आणखी दोन दिवे लादून मीं १८-१९ अँपियरचें ओझें घातलें. फ्यूज हा त्या वाटेवरचा मुद्दाम दुबळा ठेवलेला दुवा असतो. ओझें वाढलें तर आधीं त्यानें मरावें आणि तारेला वांचवावें, याकरितांच त्याचा जन्म. त्यानें दोनदां आपलें काम चोख केलें, आणि दोन्ही वेळां आम्हीं त्यालाच अपराधी ठरविलें.

दुसऱ्या दिवशीं हें सारें मीं आईला समजावून सांगितलें. तिनें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "अरे, दूध उतूं जाऊं लागलें तर आपण आंच कमी करतों. पातेल्याला वरून कांठ लावीत बसतों का?" विजेचा इतका सुबोध पाठ मला कोणी दिला नव्हता.

माणगांवला एका वयस्क कारागिरानें गाडी दुरुस्त केली. त्यांनीं आधीं ते नवे दिवे काढून माझ्या हातांत दिले, जळलेल्या तारा बदलून सर्व कांहीं मूळच्यासारखें केलें, निळा फ्यूज परत बसविला, आणि मग मंद उजेडाचें कारण शोधावयास आरंभ केला. बॅटरीच्या टोंकावर साडेबारा व्होल्ट होते; दिव्याच्या टोंकाशीं सव्वाअकराच पोंचत होते. बाकीचे वाटेंतच खर्च होत होते: कांहीं जुन्या स्विचांत, कांहीं गंजलेल्या सांध्यांत. आपल्याला वाटेल, बाराचे सवाअकरा झाले म्हणून काय बिघडलें? पण तंतूच्या दिव्याचा स्वभाव विचित्र आहे. विजेचा दाब एक-दशांशानें घटला कीं त्याचा उजेड जवळ जवळ तीन-दशांशानें घटतो. म्हणजे माझे दिवे दुबळे नव्हतेच. ते उपाशी होते.

यावर त्यांनीं जो उपाय केला तो मला फार आवडला. जुन्या कित्येक गाड्यांत दिव्याचा सगळा प्रवाह चालकापुढील स्विचांतून फिरून जातो. त्यांनीं मध्यें रिले नांवाची एक आगपेटीहून लहान डबी बसविली. धरणाचा दरवाजा उघडावयास बटण दाबणारें बोट पुरतें; धरणाचें पाणी कांहीं बोटांतून वाहत नाहीं. रिलेचें तसेंच आहे. स्विचांतून जाणारा अगदीं लहान प्रवाह रिलेला इशारा देतो, आणि मोठा प्रवाह बॅटरीपासून जाड तारेनें थेट दिव्याकडे जातो. त्या जाड तारेवर, बॅटरीपासून वीतभर अंतरावर, त्यांनीं स्वतंत्र फ्यूज घातला. तो इतका जवळ कां, असें मीं विचारलें. ते म्हणाले, "फ्यूजच्या अलीकडची तार बेवारशी असते. ती जितकी आंखूड तितकें बरें." पत्र्याच्या भोंकांतून तार जाते तेथें पत्र्याची धार तिला कापूं नये म्हणून रबरी कडी बसविली. दिव्यावरील पिवळी पडलेली प्लॅस्टिकची कांच घांसून पुसून स्वच्छ केली. आणि शेवटीं भिंतीसमोर गाडी उभी करून मला तें लहान चाक दाखविलें! त्या रात्रीं मूळच्याच दोन दिव्यांनीं रस्ता इतका उजळला कीं, काढून ठेवलेले दिवे परत लावण्याचा विचारहि मनांत आला नाहीं.

मूळच्या ५५-६० वॅटच्या जागीं १०० वॅटचा दिवा घातला तर चालेल का, असें पुष्कळ जण विचारतात. त्यानें तार तापते, मागचा परावर्तक करपतो, आणि समोरच्याचे डोळे दिपतात. तंतूच्या दिव्यासाठीं घडविलेल्या घरांत एल्. ई. डी. घातल्यानेंहि पुष्कळदां असेंच होतें. कारण त्या घराची वक्रता तंतूच्या नेमक्या जागेवरून आंखलेली असते, आणि नवा प्रकाश त्या जागेवरून निघाला नाहीं तर तो रस्त्यावर न पडतां चोहोंकडे उधळतो. लावणाराला उजेड वाढलासा वाटतो, आणि त्याचें मोल समोरून येणारा देतो. नव्या गाड्यांत तर दिव्यांच्या प्रवाहावर लहान संगणकाचें लक्ष असतें. तेथें तार सोलणें म्हणजे दुसऱ्याच्या हिशेबाच्या वहींत खाडाखोड करण्यासारखें आहे.

आतां सौम्य विषयाकडे वळतों. घाटांतील त्या प्रसंगानंतर आईनें गाडींत बसणें टाळावयास सुरुवात केली. भीति होतीच, पण खरी अडचण चढण्या-उतरण्याची होती, हें हळूहळू कळलें. तिचे गुडघे वांकत नाहींत. त्या दिवशीं उतरण्यास लागलेलीं दोन मिनिटें तिच्याहि मनांत घर करून बसलीं होतीं. यासाठीं गाडी कापावी लागली नाहीं. दाराची कळ ज्या पोलादी कडींत अडकते, तिच्यांत टेकवितां येईल अशी एक मजबूत मूठ मिळते. ती लावली कीं वृद्ध माणसाला हाताचा भार टाकावयास आधार मिळतो. दार लावण्यापूर्वीं ती काढून ठेवावयाची. पुढील आसन पूर्ण मागें सरकवावें. आधीं पाठ करून बसावें आणि मग दोन्ही पाय एकदम आंत घ्यावे. पाय वळवितांना कापड खरखरीत असेल तर अंग अडतें. म्हणून आईनें स्वतःच युक्ति काढली: आपल्या जुन्या रेशमी साडीचा हातभर तुकडा ती आसनावर टाकते, त्यावरून सहज वळते आणि मग तो काढून घेते. मीं जाड मऊ उशी सुचविली होती. पण उशीवर बसलेल्या माणसाच्या कमरेवरचा पट्टा पोटावर सरकतो. पट्टा कमरेच्या हाडावर राहिला तरच धक्क्याच्या वेळीं तो तारतो. बसणें सोपें करतांना वांचणें अवघड करूं नये, हें तिच्या रेशमी तुकड्यानें साधलें.

घरांतल्या प्रत्येकाला सुचतील अशा आणखी चार गोष्टी आहेत. पाण्याची बाटली पुढें मोकळी ठेवूं नये. ती घरंगळून ब्रेकखालीं गेली तर पाय दाबूनहि ब्रेक दबत नाहीं. तिला दारांतील खणांत जागा द्यावी. डिकींतील जॅक, अवजारें व नारळाचें पोतें जाळीनें किंवा पट्ट्यानें बांधावें. पावसाळ्यांत ओल्या छत्र्यांसाठीं एक उभी पिशवी टांगावी. दाराच्या खालच्या कडेला पाणी निथळण्याचीं बारीक भोंकें असतात. गंज न यावा म्हणून खालून रंग किंवा डांबरी लेप देतांना तींच बुजविलीं जातात, आणि मग दार आंतून कुजतें. आसनाच्या कुशींत हवेची पिशवी असेल तर तेथें साधें घट्ट खोळ चढवूं नये; ऐन वेळीं ती पिशवी आंतच अडकेल.

पायाखालची चटई ही तर सर्वांत निरुपद्रवी वस्तु. परंतु २००९ च्या ऑगस्टमध्यें कॅलिफोर्नियांत एका गाडींत दुसऱ्याच मापाची चटई घातली गेली होती. ती वेग वाढविण्याच्या पेडलवर अडकली, गाडी आवरेना, आणि आंतील चारहि माणसें दगावलीं. चटई आपल्याच गाडीच्या मापाची असावी, खुंट्यांत अडकविलेली असावी, आणि एका चटईवर दुसरी कधींहि घालूं नये.

कायद्याचेंहि या विषयांत म्हणणें आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, कारखानदारानें दिलेला व नोंदणींत उतरलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला परस्पर करतां येत नाहीं. २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंहि तेंच स्पष्ट केलें. पुढील व मागील कांचेंतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या कांचांतून निदान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. गाडीपुढें लोखंडी कठडा लावण्याची हौस पुष्कळांना असते. २०१७ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारनें राज्यांना अशा कठड्यांवर कारवाई करावयास सांगितलें. गाडीचा पुढला भाग चेंगरून धक्का गिळावा आणि माणसापर्यंत तो कमी पोंचावा, अशी मूळ रचना असते. कठडा लावला म्हणजे ती रचना बिघडते. पत्रा वांचतो आणि धक्का आंतल्या माणसाकडे जातो. शिवाय रस्त्यानें चालणाराला तें लोखंड लागतें तें वेगळेंच.

एकंदरींत मला एवढेंच सांगावयाचें आहे. फेरफार करण्यापूर्वीं आपण स्वतःला तीन प्रश्न विचारावे. पहिला: माझें नेमकें अडतें कोठें, आणि गाडींत आधींच असलेल्या सोयीनें तें भागत नाहीं का? दुसरा: केलेला फेरफार उद्यां जसाच्या तसा काढून घेतां येईल का? आणि तिसरा: या सोयीचें ओझें मी कोणावर टाकीत आहें? तें बिचाऱ्या तारेवर, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर कीं मागें बसलेल्या आपल्याच माणसावर? माझे ते दोन दिवे या तीनहि प्रश्नांत नापास झाले असते. आईचा रेशमी तुकडा तिन्हींत उत्तीर्ण झाला.

गेल्या गणपतीला आम्ही पुन्हां ताम्हिणी घाटानें उतरलों. आई पुढें बसली होती. निघण्यापूर्वीं मूठ धरून ती आंत बसली, पट्टा लावून घेतला, तुकड्याची घडी करून पिशवींत ठेवली, आणि मी किल्ली फिरविणार तोंच तिनें विचारलें, "निळाच आहे ना रे?"

मीं झांकण उघडून तिला फ्यूज दाखविला. मगच आम्ही निघालों.